ब्लास्टिंग झालं, आता प्रायमर: मुंबईच्या हवेत या चुका टाळा

ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने दाण्यांचा मारा, करून आलेली जुन्या गाडीची बॉडी एकसारखी करडी, मॅट दिसते. जुना रंग गेला, गंज गेला, थराथराने भरलेली पुट्टीही गेली. पण लोखंड याच अवस्थेत सगळ्यात उघडं असतं. दाण्यांच्या माऱ्याने पत्र्यावर बारीक खड्डे पडलेले असतात. त्यात प्रायमर घट्ट धरतो, पण दमट हवा आणि खारही तितक्याच सहज शिरतात. म्हणून ब्लास्टिंग आणि प्रायमरचा पहिला हात यांत जितका कमी वेळ जाईल तितकं चांगलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बॉडी रात्रभर तशीच ठेवणं. जून ते सप्टेंबरमध्ये संध्याकाळी आणलेल्या पत्र्यावर सकाळी नारिंगी झाक दिसू शकते, मग गॅरेज कुर्ल्यात असो की वरळीच्या समुद्राजवळ. अनेक ठिकाणी त्यावर थिनरचा बोळा फिरवून प्रायमर मारतात. थिनरने तेल निघतं, गंज निघत नाही. तो खड्ड्यांच्या तळाशी राहतो आणि पुढे फोड येतात. झाक हलकी असेल तर ८० नंबरच्या पेपरने सँडर फिरवा. जास्त असेल तर तेवढा भाग पुन्हा ब्लास्ट करून घ्या. मिस्त्री ‘चालतंय’ म्हणाला तरी ऐकू नका.

दुसरी चूक हवा न बघता स्प्रे गन हातात घेण्याची. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते, साधारण २६ अंशांवर असतो. पत्र्याचं तापमान त्याहून किमान ३ अंश जास्त हवं, म्हणजे २९ च्या वर. बंद शेडमध्ये सकाळी पत्रा बऱ्याचदा हवेपेक्षा थंड असतो. डोळ्यांना दिसणार नाही असा ओलावा त्यावर बसतो आणि प्रायमर त्याच्यावरच बसतो. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे गेली तर काम थांबवा. आर्द्रतामापक आणि पत्र्याला लावायचा थर्मामीटर, दोन्ही जवळ ठेवा. पावसाळ्यात शक्य असेल तर ब्लास्टिंगची तारीखच पुढे ढकला, किंवा जिथे ब्लास्टिंग होतं तिथेच पहिला हात मारून घ्या.

कॉम्प्रेसरकडेही असंच दुर्लक्ष होतं. टाकीतलं पाणी रोज सोडायला हवं आणि लाइनवर पाणी-तेल अडवणारा फिल्टर हवा. पारख सोपी आहे: पाइपच्या तोंडासमोर पांढरा कागद मिनिटभर धरा. त्यावर ओलसर ठिपका किंवा तेलाचा डाग आला, तर तीच हवा तुमच्या पत्र्यावर जाणार आहे. प्रायमरमध्ये माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडत असतील तर आधी इथेच शोधा.

मग दाणे. ते पायदानाच्या पोकळीत, दरवाज्यांच्या दुमडीत, डिकीच्या कोपऱ्यात लपून बसतात आणि गनच्या हवेने उडून ओल्या प्रायमरवर पडतात. रबरी हातोड्याने ठोकत, कोरड्या हवेने आणि व्हॅक्यूमने ते काढा. धूळ काढायला पाण्याचा प्रेशर मारू नका. अपवाद दाण्यांऐवजी खाण्याचा सोडा वापरून केलेल्या ब्लास्टिंगचा: सोड्याची भुकटी राहिली तर प्रायमर धरत नाही, म्हणून तिथे धुऊन लगेच पूर्ण वाळवावं लागतं. शेवटचं पुसणं धागे न सुटणाऱ्या कपड्याने आणि ग्रीस रिमूव्हरने करा, चिंध्यांनी नको. उघड्या हाताने पत्र्याला स्पर्शही करू नका. घामात मीठ असतं, बोटांचे ठसे गंजून वर येतात.

दुकानात मिळणारं गंज काढायचं आम्ल ब्लास्ट केलेल्या स्वच्छ पत्र्यावर लावायची बहुतेक वेळा गरजच नसते. त्याचा अंश राहिला तर एपॉक्सी प्रायमर सुटतो. एच प्रायमरवर (आम्लाने पत्र्याला चावून धरणारा प्रायमर) एपॉक्सी किंवा पुट्टी थेट चढवण्याआधी कंपनीचं माहितीपत्रक वाचा, कारण अनेक एच प्रायमरवर ते चालत नाही. माझ्या मते मुंबईत दोन घटकांचा (हार्डनर मिसळून मारायचा) एपॉक्सी थेट पत्र्यावर, आणि पुट्टी त्याच्यावर, हाच क्रम सुरक्षित. थर इतका हवा की खड्ड्यांमधली टोकं पूर्ण झाकली जातील. पातळ राहिला की टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके उमटतात.

प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, पण घरची पद्मिनी जपणारे आहेत. त्यांना कळकळीने सांगतो: बोनेट, छत आणि दरवाज्यांच्या पातळ पत्र्यावर जाड दाणा आणि जास्त दाब वापरू देऊ नका. सततच्या ठोक्यांनी पत्रा ताणतो, लाटा येतात, आणि ते पुट्टीने झाकणं म्हणजे नवी अडचण विकत घेणं. बारीक दाणा, कमी दाब आणि तिरका कोन, हे आधीच ठरवून घ्या. खाडीची वाळू तर नकोच: तिच्यातलं मीठ पत्र्यात बसतं आणि वाळूच्या धुळीने काम करणाऱ्याला सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो.

सरफेसर (रंगाआधी घासून सपाट करायचा थर) मारून गाडी आठवडेच्या आठवडे उघड्यावर ठेवू नका, तो पाणी पितो. एपॉक्सीवर पुढचा हात किती तासांत मारायचा हे डब्यावर बघा. वेळ टळली तर घासूनच पुढे जा. आणि रंगाआधी दरवाज्यांच्या तळाची पाणी वाहून जायची भोकं तारेने तपासा, प्रायमरने आणि सीलरने ती हमखास बुजतात.