बारा व्होल्ट दिसले म्हणून पंप बदलू नका

सेल्फ फिरतोय, स्पार्क आहे, टाकीत पेट्रोल आहे, आणि तरी गाडी चालू होत नाही. किल्ली ऑन केली की मागच्या सीटखालून, टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाची, दोन सेकंद जी घुर्र ऐकू यायला पाहिजे, ती येत नाही. अशी गाडी आली की नवीन पोराचा हात आधी पंपाकडे जातो. माझाही गेला होता.

आयटीआयची दोन वर्षं संपवून मी बेळगाव-खानापूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात लागलो होतो. जुलैचे दिवस. जांबोटीकडच्या एका गुरुजींची जुनी पेट्रोल गाडी दोरी लावून ओढत आणली. मी मागची सीट उचलली, पंपाचा कपलर, म्हणजे वायरीचा प्लग, काढला, मल्टिमीटरच्या पिना कपलरमध्ये धरल्या आणि बरोबरच्या पोराला किल्ली मारायला सांगितली. दोन सेकंद १२.४ दिसले. करंट येतोय, अर्थची (परतीची) वायरही ठीक आहे, म्हणजे पंप गेला. मिस्त्री बाहेरगावी होते. मी गुरुजींकडून पैसे घेतले, नवीन पंप आणला, बसवला, किल्ली मारली. काहीच आवाज नाही. वर पत्र्यावर पाऊस वाजत होता. गुरुजी म्हणाले, ‘बाळ, झालं का रे?’ मला मान वर करता येईना. दुकानदार इलेक्ट्रिक सामान परत घेत नाही, हे मला माहीत होतं.

ते १२.४ खोटे नव्हते. मीच त्यांचा अर्थ चुकीचा लावला. ही एक गोष्ट नीट कळली तर बाकी सगळं सोपं आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

विहिरीवरून उसाला पाणी नेणाऱ्या पाइपात मधेच गाळ अडकलाय असं समजा. पुढचा वॉल्व्ह बंद असेल तर गेज पूर्ण प्रेशर दाखवणार, कारण पाणी वाहतच नाही. वॉल्व्ह उघडा, करंगळीएवढी धार पडते. मल्टिमीटर म्हणजे तो बंद वॉल्व्ह. व्होल्टवर ठेवलेला मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीतल्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या असल्या आणि उरलेली एकही अर्धीमुर्धी कुजलेली असली, तरी ती मीटरला पुरते आणि तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. पंपाला मात्र साधारण चार ते सात अँपिअर लागतात. ते त्या एका कुजक्या तारेतून जात नाहीत. कपलर लावला की व्होल्ट तिथंच बसतो. कपलर काढून घेतलेलं रीडिंग वायर कुठंतरी जोडलेली आहे एवढंच सांगतं. ती पंप ओढेल की नाही, हे सांगत नाही.

हे मला शिकवलं ते गोकाकहून वायरिंगच्या कामाला येणाऱ्या अण्णांनी. त्यांचं कन्नड, माझं मराठी, दोघांचंही अर्धं अर्धं. मीटर बघून ते एवढंच म्हणाले, ‘लोड हाकि नोडो.’ लोड टाकून बघ. हेडलाइटचा एच-४ बल्ब, ६०/५५ वॉटचा, त्याला दोन वायरी जोडलेल्या. तो त्यांनी पंपाच्या जागी कपलरला लावला. हा बल्ब साडेचार-पाच अँपिअर ओढतो, म्हणजे पंपाइतकाच. रिले म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच; तो काढून त्याच्या सॉकेटमधले ३० नंबरचं (करंट येणारं) आणि ८७ नंबरचं (पंपाकडे जाणारं) टर्मिनल फ्यूज घातलेल्या वायरने जोडले, म्हणजे दोन सेकंदांची घाई राहिली नाही. बल्बची तार नुसती लालसर झाली. बल्बवर मीटर धरला तर ३.९. रिलेपाशी १२.२. अर्थच्या बाजूला ०.२ चा फरक, म्हणजे अर्थ चांगला. उरलेले ८.१ व्होल्ट रिले ते पंप या वायरीतच कुठंतरी गडप होत होते.

इथं अण्णा बाजूला झाले आणि मला म्हणाले, शोध. तासभर लागला. ड्रायव्हरच्या दाराखालची पट्टी काढली, गालिचा उचलला तर खाली ओल. तिथं कुणीतरी कधीकाळी चोरीपासून संरक्षण म्हणून पंपाच्या वायरीत छुपं बटण टाकलं होतं आणि नंतर काढलं होतं. वायरीची टोकं पिळून वर काळी टेप. टेप सोलली तर आत हिरवी भुकटी, आणि दोन-तीन तारा कशाबशा टिकलेल्या. कुजलेला भाग कापला, नवीन तुकडा सोल्डर केला, वर हीटश्रिंक नळी चढवली. बल्ब पांढराशुभ्र पेटला.

माझं स्पष्ट मत आहे: हातातला पाना काढून घेऊन स्वतः काम संपवणाऱ्या मिस्त्रीकडे पाच वर्षं काढलीत तरी तुम्ही पाना देणारेच राहाल. अण्णांसारखा माणूस महिन्यातून एकदा भेटला तरी पुरे. आणि पिळून टेप मारणं हा जोड नव्हे. खानापूरच्या पावसात तर नाहीच.

बाकीचा क्रम तुम्हाला माहीत असेल. फ्यूज डोळ्यांनी बघू नका, दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावा. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले अदलून बघा. ३० वर कायम करंट हवा. ३० आणि ८७ जोडल्यावर पंप फिरला तर पंपाची वायर ठीक, मग रिलेच्या कॉइलकडे, म्हणजे ८५-८६ कडे वळा. तिथं बहुतेक गाड्यांत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अर्थ देतो. त्या वायरीवर बल्ब लावू नका, ईसीएम जाईल; तिथं मीटरच. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलत नसेल तर क्रँक सेन्सरही बघा, कारण फिरण्याचा सिग्नल मिळाला नाही की ईसीएम दोन सेकंदांनी पंप बंद ठेवतो. ज्या गाड्यांत पंपाला वेगळं कंट्रोल मॉड्यूल आहे, तिथं ही बल्बची पद्धत वापरू नका.

स्कॅनरवर फार विसंबू नका. पी-०२३० हा बिघाडाचा कोड आला तरी तो पंपाच्या सर्किटकडे फक्त बोट दाखवतो, कुजलेला जोड दाखवत नाही. गुरुजींच्या गाडीत तर एकही कोड नव्हता.

आणि एक गोष्ट कधीही करायची नाही. टाकीचं झाकण उघडं असताना बॅटरीवरून पंपाला ‘डायरेक्ट’ देणं. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. बल्ब लावायच्या आधीही झाकण बंद आहे ना, बघा. दारं उघडी ठेवा, बल्ब तापतो, तो गालिच्यावर ठेवू नका.

वायरिंगची भीती वाटत असेल तर ती सगळ्यांनाच वाटते. मी मराठी शाळेतला, आयटीआयमध्ये कन्नड आणि इंग्रजी एकदम अंगावर आलं, सर्किट डायग्रामचं पान उघडलं की घाम फुटायचा. वायरींच्या रंगांची अक्षरं पाठ व्हायला दोन आठवडे लागतात, जास्त नाही.

गुरुजींना मी त्याच संध्याकाळी खरं सांगितलं. जुना पंप चांगला होता. तो परत बसवला, नवीन पंप मी ठेवून घेतला आणि त्याचे पैसे तीन पगारांत फेडले. चार महिन्यांनी निपाणीच्या एका गाडीला तो लागला. त्या वेळी आधी बल्ब लावला होता. तो पांढरा पेटला, कपलर परत लावल्यावरही पंप गप्प होता, तेव्हाच टाकी उघडली.