त्रेपन्नातले शेवटचे सहा : एनएफएल संघाची अंतिम यादी कशी ओळखावी

ऑगस्टच्या अखेरीस आमच्या फ्रिजवर दोन याद्या असतात. एक गणपतीच्या सामानाची, ती बायको करते. दुसरी ग्रीन बे पॅकर्सच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या आमच्या संघाच्या, अंतिम यादीत कोण राहील त्या खेळाडूंची, ती मी अंदाजाने करतो. 2025 मध्ये तर कटचा, म्हणजे जादा खेळाडू काढून टाकायचा, मंगळवार आणि हरतालिका एकाच दिवशी आली, 26 ऑगस्टला. बायकोची यादी आजवर चुकलेली नाही. माझ्या यादीत पूर्वी दहा-दहा नावं चुकायची, आता तीन-चार चुकतात. विस्कॉन्सिनमध्ये राहून एवढी वर्षं घासल्यावर तेवढी सुधारणा झालीच पाहिजे म्हणा.

संघ उन्हाळी सरावाला 90 खेळाडू घेऊन उतरतो आणि कटच्या दिवशी अमेरिकेच्या ईस्टर्न वेळेनुसार दुपारी चारच्या आत 53 वर यायचं असतं. 2023 पासून हे एकाच फटक्यात होतं, आधी टप्प्याटप्प्याने व्हायचं. शिवाय 16 जणांचा प्रॅक्टिस स्क्वाड, म्हणजे सरावासाठी ठेवलेला गट, वेगळा. एवढं माहीत आहे असं धरून पुढे जातो.

1. पक्की नावं लिहून मोकळे व्हा

सगळे सलामीचे खेळाडू, आणि या वर्षी व गेल्या वर्षी ड्राफ्टच्या, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या तीन फेऱ्यांत निवडलेली पोरं. तीसच्या आसपास नावं होतात. अर्ध्या तासाचं काम आहे, यावर वाद घालत बसू नका.

2. जागा मोजा

किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर (लाथेने चेंडू मारणारे दोघे आणि त्यांच्यासाठी चेंडू मागे फेकणारा) मिळून तीन. उरलेल्या पन्नासांत आक्रमण आणि बचाव जवळपास निम्मे-निम्मे. बेरीज 53 येते का पाहा. हसू नका, चोपन्न नावांची यादी छातीठोकपणे मिरवणारे दरवर्षी भेटतात.

3. जखमींची जागा धरा

कटच्या आधी जखमींच्या राखीव यादीत टाकलेला खेळाडू अख्ख्या मोसमाला मुकतो. 2024 पासून त्याला फक्त दोघांचा अपवाद आहे. म्हणून ज्याचं हाड महिन्याभरात जुळेल असा महत्त्वाचा गडी मंगळवारी त्रेपन्नात ठेवतात आणि बुधवारी राखीव यादीत सरकवतात, म्हणजे चार सामन्यांनंतर तो परत येऊ शकतो. कुबड्या घेतलेला माणूस यादीत दिसला की लोक वेड्यात काढतात. काढू द्या.

4. पंटच्या वेळी मैदानाकडे बघा

जमलं तर सराव प्रत्यक्ष पाहा. मिलवॉकीहून ग्रीन बे दोन तासांवर आहे. तिथे रे निच्की मैदानावर खेळाडू लहान मुलांच्या सायकलींवर बसून येतात. सव्वाशे-दीडशे किलोचा गडी गुडघे कानापर्यंत आणून पिटुकली सायकल मारतोय आणि सायकलीची मालकीण त्याचं हेल्मेट सांभाळत शेजारून धावतेय, हे दृश्य बघण्यासारखंच असतं. पण वही उघडायची वेळ ती नव्हे. पंटचा, म्हणजे चेंडू लाथेने दूर उडवून प्रतिस्पर्ध्याला देण्याचा, सराव सुरू झाला की निम्मे प्रेक्षक फोन काढतात. तेव्हा तुम्ही वही काढा. पंट अडवायच्या पहिल्या तुकडीत कोण उभं राहतंय, कोणाला हाताला धरून जागा दाखवली जातेय, ते टिपा.

कारण सामन्याच्या दिवशी त्रेपन्नातले जास्तीत जास्त 48 जणच पोशाख चढवतात. पाचवा-सहावा रिसीव्हर (पास झेलणारा) किंवा चौथा सेफ्टी (मागचा बचावपटू) यांना तिथे जागा मिळते ती स्पेशल टीम्समुळे, म्हणजे पंट-किकऑफच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांमुळे. न्यू इंग्लंडच्या मॅथ्यू स्लेटरने कागदोपत्री रिसीव्हर म्हणून सोळा मोसम काढले. त्यात त्याने झेल घेतला एकच, आणि प्रो बोलमध्ये, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तमांत, निवड झाली दहा वेळा. 2024 मध्ये किकऑफचे नियम बदलून आलेला चेंडू घेऊन उलट धावणं वाढल्यापासून अशा माणसांचा भाव आणखी चढला आहे.

एक सावधगिरी. 90 जणांत एकाच क्रमांकाचे दोन-दोन खेळाडू असतात, एक आक्रमणातला आणि एक बचावातला. टीव्हीवर सराव सामने पाहून एका वर्षी मी एका रिसीव्हरच्या नावावर चार टॅकल चढवले. ते सगळे त्याच क्रमांकाच्या कॉर्नरबॅकचे, म्हणजे बचावपटूचे, होते. रिसीव्हर पहिल्याच झटक्यात घरी गेला.

5. शेवटचे सहा

घोडं पेंड खातं ते इथे. पहिली सत्तेचाळीस नावं कोणीही सांगतं. उरलेल्या सहा जागांसाठी बारा-पंधरा जण काठावर असतात, आणि माझं सगळं पाणी इथेच जोखलं गेलं.

माझी पहिली चूक तीच, जी सगळे करतात. सराव सामन्याच्या चौथ्या क्वार्टरमध्ये दोन टचडाऊन मारणाऱ्या पोराच्या प्रेमात पडणं. बाबांनो, त्या वेळी समोर उभे असलेले निम्मे बचावपटू पुढच्या आठवड्यात नोकरी शोधणार असतात. त्याने काय केलं यापेक्षा तो कधी उतरला हे बघा. पहिल्या क्वार्टरमध्ये पंचवीस प्ले खेळून काहीच न केलेला पोरगा बहुधा संघात असतो.

दुसरी चूक कळायला मला तीन-चार वर्षं लागली. मी प्रत्येक जागेसाठी ‘दोघांत चांगला कोण’ असं विचारत होतो. जनरल मॅनेजर तसं विचारत नाही. त्याच्यासमोर प्रश्न असतो, ‘काढला तर उद्या परत मिळेल कोण?’ हा प्रश्न डोक्यात शिरला आणि माझ्या चुका निम्म्यावर आल्या.

याची किल्ली वेव्हरच्या नियमात आहे. चार मोसम पूर्ण न झालेल्या खेळाडूला काढलं की तो वेव्हरवर जातो आणि बाकीचे 31 संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतात. चार मोसम भरलेला मात्र या काळात सरळ मोकळा होतो, त्याला कोणी ओढून नेऊ शकत नाही. मग काय होतं? बत्तीस वर्षांच्या भरवशाच्या लाइनमनला बोलावून सांगतात, आज तुला काढतो, बुधवारी कोणाला तरी राखीव यादीत टाकलं की तू परत. त्याची मंगळवारची जागा अशा पोराला मिळते, जो वेव्हरवर दुसऱ्या दिवशी उचलला गेला असता. यात पैशांचंही गणित आहे. पहिल्या आठवड्याच्या यादीत असलेल्या जुन्या खेळाडूचा वर्षभराचा पगार जवळपास पक्का होतो, म्हणून काहींना तर पहिला सामना उलटल्यावरच परत घेतात.

आता याच्या उलट टोकाला जाऊ नका. मी गेलो होतो. प्रत्येक पोराबद्दल ‘याला नक्की कोणीतरी उचलणार’ म्हणत मी अर्धी यादी नवख्यांनी भरली होती. त्या दिवशी लीगभरात हजाराच्या आसपास खेळाडू बाहेर पडतात, आणि वेव्हरवर उचलले जातात ते जेमतेम काही डझन. आपल्या डोळ्यांत भरलेला पोरगा बाकीच्या संघांच्या खिजगणतीतही नसतो.

2024 चं उदाहरण घ्या. पॅकर्सकडे सलामीच्या जॉर्डन लव्हच्या मागे दोन तरुण क्वार्टरबॅक (पास फेकणारे म्होरके) होते, शॉन क्लिफर्ड आणि मायकेल प्रॅट. महिनाभर सगळे ‘हा की तो’ करत होते, मीही करत होतो. कटच्या आदल्या दिवशी संघाने टेनेसीकडून मलिक विलिसला सातव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात आणलं आणि दोघांनाही काढलं. प्रॅटला टॅम्पा बेने उचललं. क्लिफर्डला कोणी विचारलं नाही, तो प्रॅक्टिस स्क्वाडवर परतला. किकरचंही तेच. अँडर्स कार्लसन आणि ग्रेग जोसेफ यांची कुस्ती उन्हाळाभर रंगली. शेवटी दोघे चितपट, आणि गदा गेली ब्रेडन नार्वेसनच्या खांद्यावर, जो आदल्या दिवसापर्यंत टेनेसीत होता. तेव्हापासून माझा नियम आहे : ज्या जागेवर दोघे झगडतात आणि दोघेही मनात भरत नाहीत, तिथे नाव न लिहिता ‘बाहेरचा’ असं लिहायचं.

आणि हमीच्या पैशांवर विसंबू नका. ‘याला एवढे डॉलर दिलेत, काढतील कसे?’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. 2022 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने नेट सडफेल्डला वीस लाख डॉलरची हमी दिलेली असताना काढलं आणि ड्राफ्टमध्ये 262 वा, म्हणजे सर्वांत शेवटी निवडलेला ब्रॉक पर्डी ठेवला. डिसेंबरात तोच सलामीला खेळत होता. दोघं अगदी बरोबरीचे असतील तरच पैसा बघा.

6. ताळा बुधवारी दुपारनंतर करा

मंगळवारची यादी कच्ची असते. वेव्हरवरचे दावे बुधवारी ईस्टर्न वेळेनुसार दुपारी बारापर्यंत चालतात, आमच्याकडे सकाळी अकरा. 2025 ला नेमकी त्याच वेळी आमच्या घरी प्राणप्रतिष्ठा चालली होती आणि फोन पाटाखाली होता. बायकोने पाहिला. गुरुवारी दीड दिवसाचं विसर्जन आटोपून ओल्या पायांनी घरात आलो, तर पॅकर्सनी मायका पार्सन्सला आणण्यासाठी डॅलसला पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि केनी क्लार्क देऊन टाकला होता. माझ्या पक्क्या नावांत क्लार्क तिसऱ्या क्रमांकावर होता.