इसब पुन्हा पुन्हा का भडकतो? या चुका टाळा

दर दिवाळीला आमच्याकडे एक गोष्ट ठरलेली असायची. नरकचतुर्दशीच्या पहाटे आजी अंगाला तेल चोळायची, मग खरबरीत उटणं घासायची, मग बंबातलं कढत पाणी आणि शेवटी सुगंधी साबणाची नवी वडी. भाऊबीज उजाडेपर्यंत माझ्या कोपरांच्या लवणीतून आणि गुडघ्यांच्या मागून लस वाहायला लागलेली असे. 'गोडधोड बाधलं पोरीला' हे निदानही ठरलेलंच. आळ दरवर्षी करंज्यांवर आला, उटण्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

तो इसब माझ्याबरोबर सोलापूरहून ठाण्याला आला आणि आता माझ्या सात वर्षांच्या मुलाच्याही अंगावर आहे. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत, काही तर दोनदोनदा. त्यातून एक लक्षात आलं. इसब भडकल्यावरही आपण चुकतोच. पण पहिला घोटाळा होतो तो इसब शांत असतानाच्या दिवसांत.

बरं वाटलं की डबी कपाटात

शेणानं सारवलेली जमीन एकदा सारवून कुणी वर्षभर स्वस्थ बसत नाही. ऊन लागलं, वर्दळ वाढली की पोपडे सुटतात, भेगा पडतात, पुन्हा हात फिरवावा लागतो. इसब असणाऱ्याची त्वचा तशीच असते. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवतं. ते बनवणाऱ्या जनुकात बिघाड असेल तर इसब होण्याची शक्यता बरीच वाढते, हे २००६ साली समजलं. प्रत्येकाच्या इसबामागे हेच कारण असतं असं नाही, पण परिणाम तोच: आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. चट्टा दिसत नसतो तेव्हाही ही गळती चालूच असते.

म्हणून मॉइश्चरायझर रोज दोनदा, चट्टे असोत की नसोत. आणि किती? इथे मी वर्षानुवर्षं चुकले. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम असं प्रमाण दिलेलं आहे. मी १०० ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरवत होते, आणि वर 'काही उपयोग नाही' म्हणत दर वेळी नवीन कंपनी धरत होते. महागडं, वासाचं लोशन पुरवून पुरवून लावण्यापेक्षा साधं बिनवासाचं क्रीम किंवा पेट्रोलियम जेली सढळ हातानं थापलेली बरी. ठाण्याच्या मे महिन्यात जेलीनं चिकचिकतं, घामोळं उठतं, तेव्हा क्रीम वापरायचं. सोलापूरच्या कोरड्या थंडीत मात्र जेलीला तोड नाही.

खोबरेल तेलाबद्दल आजीची बाजू घ्यायला हवी. फिलिपाइन्समध्ये इसबाच्या मुलांवर झालेल्या चाचणीत शुद्ध (व्हर्जिन) खोबरेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं होतं. मोहरीचं तेल मात्र नको, आणि परदेशातल्या नातेवाइकांनी प्रेमानं आणलेलं ऑलिव्ह तेलही भाजीतच वापरा. या दोन्हींनी त्वचेचा वरचा थर आणखी कमजोर होतो.

एक सावधगिरी कुणी सांगत नाही. तेलकट मलम मुरलेले कपडे आणि चादरी चटकन पेट घेतात. स्वयंपाकघरात, पणत्यांजवळ, फटाक्यांच्या वेळी हे डोक्यात असू द्या.

आंघोळ: फार कढत, किंवा अजिबात नाही

खाजणाऱ्या जागेवर कढत पाण्याची धार पडली की जे सुख लागतं ते फक्त इसबवाल्यालाच ठाऊक. अर्ध्या तासानं ते सुख व्याजासकट वसूल होतं. पाणी कोमट हवं आणि आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकायला हवी. साबणाच्या वडीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) नऊ-दहाच्या घरात असतो आणि निरोगी त्वचेचा पाचच्या आसपास, म्हणून वडी अंगभर फिरवायची गरज नाही. काखा, जांघा आणि पाय यांना सौम्य, साबण नसलेलं क्लेन्झर पुरतं. बादलीत जंतुनाशकाचं टोपण ओतण्याची सवय कितीतरी घरांत आहे, आमच्याकडेही होती. पाणी पांढरं झालं की आईला समाधान वाटायचं आणि माझी आग आग व्हायची.

याच्या उलट टोक म्हणजे 'पाणी लागलं की चिघळेल' म्हणून पोराला चार चार दिवस नुसतं पुसून काढणं. त्यानं खपल्या आणि जंतू साचतात. अंघोळ रोज होऊ द्या. फक्त नंतर टॉवेलनं रगडू नका, टिपा, आणि अंग दमट असतानाच, तीनेक मिनिटांत, क्रीम लावा. आमची डबी आता न्हाणीघराच्या दाराशीच असते. ती बेडरूममध्ये होती तेव्हा तिथं पोचेपर्यंत मुलगा गणवेश घालून तयार असायचा.

'दाबू नकोस, आत जाईल'

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं केलं असावं. "अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे. मलम लावून दाबलीस तर दमा होईल." आजी हे हवेतून बोलत नव्हती. इसब असलेल्या काही मुलांना पुढे खरंच दमा होतो, सतत शिंका-सर्दी होते. पण ही एकाच प्रवृत्तीची रूपं आहेत: आधी त्वचेवर दिसतात, मग नाकाछातीत. शेजारच्या मुलाला मलम लावलं आणि दोन वर्षांनी दमा झाला, तर तो मलम न लावताही बहुधा झालाच असता. आजीनं क्रम अचूक टिपला होता, फक्त दोष चुकीच्या माणसाला दिला.

या भीतीतून येते ती स्टिरॉइडची, म्हणजे दाह शमवणाऱ्या मलमाची, नखभर रेघ. डॉक्टरांनी मलम लिहून दिलंय, आपण आणलंय, पण लावताना हात कापतो. मग इसब धड जात नाही, धड राहत नाही, आणि कमी औषध महिनाभर चोळत बसावं लागतं. जे योग्य मात्रेत पाच-सात दिवसांत आटोपलं असतं. मात्रा मोजायला बोट पुरतं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. मोठ्या माणसाच्या एका अख्ख्या पायाला, पावलासकट, अशा आठ रेघा लागतात. म्हणजे पाच ग्रॅमची इवलीशी ट्यूब दोन्ही पायांना एकदाही पुरत नाही. हे गणित मांडल्यावर मला माझ्या 'मी रोज लावते हो' याचं हसू आलं.

मुलाच्या गालावर पांढरट ठिपके दिसले की त्याचंही खापर मलमावर फुटतं, नाहीतर 'जंत झालेत', 'कॅल्शियम कमी पडलंय' असं तरी कुणी सांगतंच. काही जण हळूच 'कोड तर नाही ना?' असंही विचारतात. आपल्या सावळ्या रंगावर इसब लाल दिसेलच असं नाही. तो तपकिरी, जांभळट, राखाडी दिसतो, आणि ओसरल्यावर काही महिने तिथं फिकट किंवा काळसर डाग राहतो. जोराचं स्टिरॉइड एका जागी फार दिवस लावलं तर रंग उडू शकतो हेही खरं, म्हणून ठिपके डॉक्टरांना दाखवावेत. पण बहुतेक वेळा तो इसबाचाच माग असतो आणि हळूहळू भरून येतो.

काही डॉक्टर चट्टे गेल्यावरही नेहमीच्या जागांवर आठवड्यातून दोनदा मलम लावायला सांगतात. ते पैसे उकळायला नव्हे, पुढचा भडका टाळायला. पापण्या आणि चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम देतात. ते पहिले काही दिवस चुरचुरतं, म्हणून घाबरून टाकून देऊ नका.

मेडिकलवाल्याची ट्यूब

आता दुसरं टोक. 'खाजेवर काहीतरी द्या' म्हटलं की काउंटरवरून एक ट्यूब पुढे येते. तिच्यात बहुधा क्लोबेटासोलसारखं अतिजोराचं स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध असं तिन्हीचं कडबोळं असतं. दोन दिवसांत जादू होते, ट्यूब घरात फिरते, सासूबाईंच्या पायापासून बाळाच्या गालापर्यंत. क्लोबेटासोल चेहऱ्यावर आणि जांघेत लावायचं औषधच नाही. हातापेक्षा कपाळाची त्वचा स्टिरॉइड कितीतरी पट जास्त शोषते, आणि जांघेतली वृषणांवरची नाजूक त्वचा त्याहून जास्त. महिनोन्महिने लावल्यावर त्वचा कागदासारखी पातळ होते, शिरा दिसतात, केस उगवतात. २०१८ साली केंद्र सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली. तरी मला गेल्याच पावसाळ्यात चिठ्ठीशिवाय अशी ट्यूब मिळाली असती, मी फक्त 'नको' म्हटलं.

लेबल नसलेली पांढरी डबी, पुड्या, 'जोराचं इंजेक्शन' यांची गोष्ट याच माळेतली. चार दिवसांत कायापालट झाला आणि बंद करताच दुप्पट उठलं, तर आत स्टिरॉइड असल्याचा संशय धरा.

जो इसबच नाही

या कडबोळ्या ट्यूबमुळे सगळ्यात जास्त बिघडतं ते गजकर्ण. ती बुरशी. स्टिरॉइडनं खाज थांबते, कडा पुसट होते आणि बुरशी मजेत पसरते. कडा उठावदार, मध्ये साफ होत जाणारा गोल चट्टा, कंबरेला किंवा जांघेत, घरात आणखी कुणाला तरी: हे गजकर्ण समजून डॉक्टरकडे जा. रात्री सगळ्या घराला खाज आणि बोटांच्या बेचक्यात बारीक पुटकुळ्या असतील तर खरूज, तिथं घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावं लागतं.

आणि काही इसब आतून येत नाहीत, हाताला चिकटून येतात. माझ्या आईच्या फक्त डाव्या हाताच्या अंगठ्याला, तर्जनीला आणि मधल्या बोटाला भेगा पडायच्या. धुण्याच्या पावडरीला दोष देऊन झाला, हातमोजे आणून झाले. एका डॉक्टरांनी तिला हवेत लसूण सोलून दाखवायला सांगितलं. पाकळी याच तीन बोटांत धरली जाते! टिकलीच्या गोंदानं कपाळावर, खोट्या दागिन्यातल्या निकेलनं गळ्याला, केसांच्या कलपानं कानामागे आणि मानेवर, सिमेंटमधल्या क्रोमेटनं गवंड्याच्या हातांवर असाच चट्टा उठतो.

शेतात राबणाऱ्यांनी तर गाजर गवत विसरूच नये. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलेलं हे काँग्रेस गवत आता कुठल्या बांधावर नाही ते सांगा. त्याचे कण हवेतून येऊन पापण्या, मान आणि सदऱ्याच्या उघड्या गळ्यावर बसतात, आणि पावसाळ्यात गवत फोफावलं की माणसाच्या अंगावर चट्टे फुलतात. अशांना कितीही मलम दिलं तरी मूळ कारण अंगणातच उभं असतं. पाठीवर चिकटपट्ट्या लावून ४८ तासांनी, आणि मग पुन्हा एक-दोन दिवसांनी बघायची पॅच टेस्ट मोठ्या शहरांतल्या त्वचारोग विभागांत होते. वर्षानुवर्षं चट्टा एकाच जागी उठत असेल तर ती मागून घ्या.

बिब्बा, लिंबू, लसूण

बिब्ब्याबद्दल एकच वाक्य: लावू नका. त्याच्या तेलानं निरोगी त्वचेवरही फोड उठतात. लसणाचा ठेचा बांधून भाजल्याचे प्रकार होतात. लिंबू लावून उन्हात गेलं की काळे डाग पडतात. कडुलिंबाच्या पाल्याचं कोमट पाणी सहसा एवढं नुकसान करत नाही, पण त्या नादात क्रीम राहून जातं. हळदीचा लेप वाळला की ओढतो, आणि इसबाला नको असतं ते नेमकं तेच.

पथ्याची लांबत जाणारी यादी

वांगं, दही, आंबट, शेंगदाणे, अंडी, मग दूध. भावकीतल्या एका बाईनं बाळाच्या इसबासाठी स्वतःचं जेवण वरणभातावर आणलं होतं. बाळंतीण खंगली, इसब तसाच. लहान मुलांपैकी काहींचा इसब अन्नानं वाढतो, हे खरं. पण रक्ताच्या तपासणीत एखाद्या पदार्थापुढं 'पॉझिटिव्ह' आलं म्हणजे तो बाधतोच असं नसतं. वीस पदार्थांची तसली यादी घेऊन मीही घरी आले होते, मुलगा त्यातले सतरा आधीपासून आनंदानं खात होता. एखादी वस्तू खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी, ओठांना सूज, उलटी झाली तर प्रश्नच नाही, ती बंद करून डॉक्टरांना सांगा. बाकी काढायचं असेल तर एका वेळी एक, ठरावीक दिवस, डॉक्टरांना विचारून, आणि पुन्हा देऊन बघायचं. दूध-अंडी उगाच तोडली तर मुलाचं वजन आधी खुंटतं.

रात्रीची खाज आणि तातडीची लक्षणं

रात्री 'खाजवू नको' हे ओरडणं थांबवा. झोपेतला हात ऐकत नाही. नखं दर तीन दिवसांनी कापा, सुती पायजमा घाला, पंखा लावा, आणि जिथं हात जातो तिथं फ्रिजमधलं थंड क्रीम लावा. खाजेच्या गोळीनं झोप येते, पण इसबाची खाज मुळात तिच्या हातातली नसते. मुलाला पाहुण्यांसमोर बाही खाली ओढायला लावणं आम्ही बंद केलं. इसब शिवून होत नाही, हे त्यानं वर्गात स्वतःच सांगितलं, आणि विषय तिथंच संपला.

चट्टा भडकलेला असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत तो हमखास साळसूद होतो. पिवळ्या खपल्या, पू किंवा ताप आला तर जंतूंची लागण समजून एक-दोन दिवसांत दाखवा. पण इसबावर अचानक एकाच आकाराचे बारीक, खळगे पडलेले फोड उठले, दुखायला लागले, मूल मलूल झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हा नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा हल्ला असू शकतो आणि तो डोळ्यापर्यंत गेला तर दृष्टीला धोका असतो. घरात कुणाच्या ओठावर तापाचे फोड आले असतील, तर त्यानं ते सुकेपर्यंत इसब असलेल्या बाळाचे मुके घेऊ नयेत, मग ती आजी असली तरी.