लोहार व्हायचंय? आधी डीएमकडे दिवस मागा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून काल्पनिक गोष्ट रंगवायच्या खेळात कारागिरी वाढवायची म्हटलं की पोरं आधी फासा शोधतात. इंदूरला रामबागेत आमच्या घरी रविवारी टेबल बसतं, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी, मीच. दर नव्या लोहाराला मला सांगावं लागतं की बाबा रे, 2024 च्या नियमांत साधी वस्तू घडवायला फासा लागतच नाही. पात्राची लेव्हल (अनुभवाची पायरी) एक असो की दहा, तलवारीला दिवस तेवढेच. मग वाढवायचं काय? अवजारं, माल, जोडीला माणूस आणि मोकळे दिवस.

कॅरेक्टर बनवतानाच आर्टिझन बॅकग्राउंड, म्हणजे पूर्वीचा धंदा कारागिराचा, घ्या. त्यातून क्राफ्टर फीट (खास कौशल्य) मिळतं, म्हणजे कारागिरांची आणखी तीन अवजारं वापरता येतात आणि जादू नसलेली वस्तू घेताना 20 टक्के सूट. ती सूट कच्च्या मालाला लागू आहे का, यावर आमच्याकडे चहा गार होईस्तोवर भांडण झालंय. माझा निकाल असा: कसेरा बाजारात करतात तशी घासाघीस करून दाखवा, "भिया, ठीक-ठीक लगाओ" म्हणा, मग देते. नुसतं नियमांच्या पुस्तकाचं पान उघडून नाकासमोर धरलंत तर नाही.

आता हिशेब. वस्तूची किंमत भागिले 10, तितके दिवस, रोज आठ तास. माल अर्ध्या किमतीचा. प्लेट आर्मर (अंगभर पत्र्याचं चिलखत) 1500 सोन्याच्या नाण्यांचं, म्हणजे 750 चा माल आणि 150 दिवस. (2014 च्या नियमांत रोज 5 नाण्यांचंच काम व्हायचं, म्हणजे 300 दिवस.) पाच महिने कुठली मोहीम तुमच्यासाठी थांबणार आहे? म्हणून जोडीदार लागतो. दोघं असले की 75 दिवस. पण त्यालाही तीच अवजारं वापरता यायला हवीत, ही गोम सगळे विसरतात. माझा भाचा हुशार. त्याने पहिल्याच दिवशी क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारं पात्र) खेळणाऱ्या बहिणीला पटवलं, "तायडे, तुझी क्लेरिक पण आर्टिझन कर ना, लोहाराची अवजारं घे." तिने बदल्यात त्याच्या वाट्याची कचोरी मागून घेतली.

सुरुवात मात्र प्लेटने करू नका. हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) 25 नाण्यांत, एका दिवसात होतं. हर्बलिझम किट (जडीबुटीची अवजारं) वापरता येणारा एकजण गटात असला की झालं. गावात मुक्काम पडला की डीएमला आधीच विचारा, "मामी, इथे किती दिवस?" मला असं विचारलेलं आवडतं. मग मुक्काम वाढावा म्हणून मी रस्ता दुरुस्तीला काढते, नाहीतर राजाला आजारी पाडते.

फासा लागतो तो दुसऱ्याने केलेलं कुलूप उघडताना, बनावट नाणं ओळखताना. तिथे संबंधित स्किल आणि अवजार दोन्ही येत असतील तर ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा. पाचव्या लेव्हलला प्रोफिशियन्सी बोनस (येत असलेल्या कामात फाशात मिळवायचा आकडा) +2 चा +3 होतो, तो वेगळा.

आणि गटात विझार्ड (जादूगार) असेल तर त्यालाच लोहारकाम शिकवा. सातव्या लेव्हलला त्याला फॅब्रिकेट नावाचा मंत्र घेता येतो; दहा मिनिटांत लोखंडाचं चिलखत, अट एकच, लोहाराची अवजारं त्याला वापरता यायला हवीत. लोखंड तेवढं आधी आणून ठेवा, मी फुकट देत नाही.