यॉनजॉक कसा वापरावा: कोरियन लेखनमेजावरची चिमुकली झारी

कोरियात जोसॉन राजवटीत (१३९२–१९१०) सॉन्बी, म्हणजे कन्फ्यूशियन विद्वान, घरातल्या पुरुषांच्या बैठकीत बसून लिहीत. या खोलीला सारांगबांग म्हणत. कागद, कुंचला, शाईकांडी आणि शाई उगाळायचा दगड हे त्यांचे 'चार मित्र'. पाणी देणारा यॉनजॉक या चौघांत मोजत नाहीत, पण तो नसला तर शाईच होत नाही. चिनी मातीचा, तळहातावर मावणारा. हल्ली कोरियात नवे यॉनजॉक विकत मिळतात. सराव त्यावरच करा.

आधी भोकं शोधा. दोन असतात: एक हवेचं, बहुधा माथ्यावर, आणि दुसरं तोटीचं. पहिल्यांदा हात आपोआप नळाकडे जातो, पण बारीक भोकातून पाणी आत शिरत नाही, आतली हवाच वाट अडवते. वाडगाभर पाण्यात अख्खा बुडवून धरा. बुडबुडे थांबले की भरला. बाहेर काढून पुसा, नाहीतर अंगावरचं पाणी कागदावर पडेल.

आता हवेच्या भोकावर बोट ठेवून यॉनजॉक दगडावर कलता करा. थेंबही पडणार नाही. बोट किंचित उचला, थेंब पडतील, टेकवा, थांबतील. आपल्याकडे झारीतला शुक्राचार्य कामात अडथळा आणणारा, इथे मात्र तोच कारागीर! सुरुवातीला चार-पाच थेंब पुरे. चंदन सहाणेवर उगाळतो तशी शाईकांडी उभी धरून, जोर न लावता गोल फिरवा. शाई दाटली की थोडं पाणी द्या, उगाळलेली शाई दगडाच्या खोलगट भागाकडे ढकला, पुन्हा उगाळा. घाई केली तर शाई खरखरीत होते. काम झाल्यावर कांडी पुसून ठेवा. ओली राहिली तर तडकते.

आकार निवडताना थोडं थांबा, कारण खरी गंमत तिथे आहे. पीच फळ म्हणजे दीर्घायुष्य. लाटांतून उसळणारा मासा म्हणजे सरकारी परीक्षेतलं यश, कारण धबधबा चढून गेलेला कार्प मासा ड्रॅगन होतो अशी समजूत. कुणी बेडूक घडवला, कुणी कुमगांगसान पर्वताची शिखरंच उभी केली. साधेपणाचं व्रत घेतलेल्या खोलीत एवढीच काय ती चैन! हे काम मुख्यतः ग्योंगी प्रांतातल्या ग्वांगजूच्या राजभट्ट्यांत होई (दक्षिणेतलं मोठं शहर ग्वांगजू वेगळं). १७५२ मध्ये भट्टी बुनवॉन इथे कायमची स्थिरावली. निळ्या रंगाचा कोबाल्ट बाहेरून येई आणि महाग पडे, म्हणून जुन्या नगांवर निळी रेघ हात राखून ओढलेली दिसते.

लिहून झाल्यावर कुंचला साध्या पाण्यात धुवा, साबण नको. केस खाली करून टांगा. ओला कुंचला केस वर करून चिनी मातीच्या पिल्थोंगमध्ये, म्हणजे कुंचलेदानीत, ठेवू नका. पाणी मुळाशी उतरतं आणि केसांचा चिकटा सुटतो. पूर्ण वाळल्यावर खुशाल ठेवा.

यॉनजॉकही रिकामा करा. आत हात जात नाही, म्हणून झटकून, तोटी खाली करून रात्रभर ठेवा. जुना, वारशातला नग असेल तर त्यात पाणी भरूच नका: झिलईच्या बारीक भेगांत शिरलेला डाग निघता निघत नाही.