ईमेलवर येणाऱ्या एक्सेल फायली आपोआप एका शीटमध्ये कशा उतरवायच्या

दर सोमवारी आमच्या ऑफिसात सकाळ एकाच कामात जायची. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना, १४ डीलर, आणि त्यांच्या एक्सेल फायली: कुठल्या साइजचे किती डझन शिल्लक, किती हवेत. मेल उघडा, फाइल उतरवा, आकडे उचला, आपल्या तक्त्यात चिकटवा. हे स्क्रिप्टवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, टाकू म्हटल्यावर आमचे जुने दिवाणजी म्हणाले, "कशाला एवढं करायलास? कॉपी-पेस्ट कर की!" पुढच्याच आठवड्यात माझी एक ओळ घसरली आणि एका डीलरचा माल दुसऱ्याच्या नावावर चढला. मग तेही काही बोलले नाहीत.

यासाठी मी गूगल अ‍ॅप्स स्क्रिप्ट वापरतो. साध्या जीमेल खात्यावर फुकट मिळतं, आणि चालतं गूगलच्या यंत्रांवर. म्हणजे ऑफिसची लाइट गेली तरी काम थांबत नाही. भाषा जावास्क्रिप्ट. कोडच्या ओळी इथे छापत नाही, त्या हल्ली एआयकडूनही लिहून मिळतात. त्याच्याकडे नेमकं काय मागायचं आणि मिळालेल्या कोडात काय तपासायचं, ते सांगतो.

आधी मेलची सोय

सगळ्या डीलरांना एकच पत्ता द्या. नवं खातं उघडायची गरज नाही. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला, तरी मेल त्याच खात्यात येतो. त्या पत्त्यावर आलेल्या मेलना आपोआप एक लेबल लागेल असा फिल्टर करा. लेबलचं नाव इंग्रजीत आणि एकाच शब्दात ठेवा, स्क्रिप्टमधून शोधायला सोपं जातं.

मग गूगल शीट्समध्ये मुख्य तक्ता करा. तारीख, डीलर, मालाचा कोड, साइज, डझन असे रकाने तर हवेतच. शिवाय दोन रकाने असे ठेवा, जे सुरुवातीला फालतू वाटतील: फाइलचं नाव आणि मेसेजचा आयडी (जीमेल प्रत्येक मेलला देतं तो वेगळा क्रमांक). महिन्याभराने एखादा आकडा चुकीचा निघाला की तो कुठून आला हे यांच्यावरूनच सापडतं.

स्क्रिप्टची मांडणी

याच शीटच्या 'एक्स्टेन्शन्स' मेनूत 'अ‍ॅप्स स्क्रिप्ट' आहे. तिथून संपादक उघडा. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइम झोन भारताचा आहे ना, ते बघा. डावीकडे 'सर्व्हिसेस'समोरच्या अधिकच्या चिन्हावरून 'ड्राइव्ह एपीआय' (स्क्रिप्टला गूगल ड्राइव्हवरच्या फायली हाताळू देणारी सोय) जोडा. ही पायरी सुटली तर एक्सेल फाइल वाचताच येणार नाही, कारण अ‍ॅप्स स्क्रिप्ट एक्सेल थेट उघडत नाही. आधी तिची गूगल शीट करावी लागते.

क्रम असा: त्या लेबलचे, गेल्या सात दिवसांतले, अटॅचमेंट असलेले मेल शोधा. प्रत्येक मेसेजमधून अटॅचमेंट काढा. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल) असेल तर 'युटिलिटीज'मधलं 'पार्स सीएसव्ही' पुरतं. एक्सेल असेल तर ड्राइव्हवर तात्पुरती गूगल शीट करून तिच्यातला मजकूर वाचा, आणि वाचून झाल्यावर ती कचऱ्यात टाका. नाहीतर दोन महिन्यांत ड्राइव्ह तात्पुरत्या फायलींनी भरून जातो. रूपांतराचे जुने धडे 'इन्सर्ट' वापरतात. ड्राइव्ह एपीआयच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याच कामाला 'क्रिएट' म्हणतात, आणि फाइलच्या नावाला 'टायटल'ऐवजी 'नेम'. जुना कोड जसाच्या तसा चिकटवून मी यावर अख्खी संध्याकाळ घालवली. पासवर्ड घातलेली फाइल मात्र रूपांतरित होत नाही, ते डीलरला आधीच सांगून ठेवा.

आता सगळ्यात फसवी जागा. एकदा वाचलेला मेल पुन्हा वाचला जाऊ नये म्हणून बरेच जण 'झालं' असं लेबल लावतात आणि पुढच्या वेळी ते लेबल असलेले मेल वगळतात. पण स्क्रिप्टमधल्या 'जीमेल अ‍ॅप'ने लावलेलं लेबल एकट्या मेसेजला लागत नाही, सगळ्या संभाषणाला, म्हणजे मूळ मेल आणि त्यावरची सगळी उत्तरं मिळून, लागतं. आमचे निम्मे डीलर गेल्या आठवड्याच्याच मेलला 'रिप्लाय' करून नवी फाइल पाठवतात. संभाषणावर 'झालं' लागलेलंच असतं, त्यामुळे नवी फाइल गुपचूप सुटते. चूक दाखवली जात नाही, आकडे फक्त कमी भरतात. म्हणून लेबलवर विसंबू नका. प्रत्येक मेसेजचा आयडी मुख्य तक्त्यात आधीच आहे का ते बघा, नसेल तरच वाचा. तो फालतू रकाना इथेही कामी येतो.

रकाना नावाने शोधा

'तिसरा रकाना म्हणजे डझन' असं स्क्रिप्टमध्ये कधीही लिहू नका. आमच्या एका डीलरच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीत '॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥', दुसऱ्या ओळीत दुकानाचं नाव, मग एक रिकामी ओळ आणि त्यानंतर शीर्षकं. दुसऱ्याची शीर्षकं पहिल्याच ओळीत. तेव्हा पहिल्या दहा ओळींत 'कोड' आणि 'डझन' हे दोन्ही शब्द ज्या ओळीत सापडतील ती शीर्षकांची ओळ धरा, आणि तिच्यावरून रकान्यांचे क्रमांक ठरवा. अशी ओळ सापडलीच नाही तर ती फाइल सोडून द्या, पण सोडल्याची नोंद वेगळ्या पानावर करा.

तारखेचीही एक गंमत आहे. जावास्क्रिप्टला ०५/०४/२०२५ असा मजकूर दिला तर ती महिना आधी धरते आणि ५ एप्रिलचा ४ मे होतो. २५/०४ दिलं तर तिला अर्थच लागत नाही. म्हणून मजकूर म्हणून आलेली तारीख तिरप्या रेघांवर तोडून दिवस, महिना, वर्ष आपणच जोडा.

याहून मजा टॉवेलच्या साइजची. तोंड पुसायचा छोटा टॉवेल १२ बाय १२ इंचाचा. डीलर एक्सेलमध्ये '१२-१२' असं इंग्रजी आकड्यांत टाइप करतो आणि एक्सेल त्याची १२ डिसेंबर करून टाकतं. ही गडबड फाइल आपल्याकडे यायच्या आधीच झालेली असते, तिला स्क्रिप्टमध्ये इलाज नाही. एक कोरा नमुना तयार करून सगळ्यांना पाठवा, त्यात साइज आणि कोडचे रकाने आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. कोडच्या सुरुवातीचं शून्यही त्यामुळे शाबूत राहतं. नमुना सगळे वापरतील अशी आशा धरू नका. आमच्याकडे नऊ जण वापरतात.

तक्त्यात लिहिताना एकेक ओळ जोडत बसू नका, सगळ्या ओळी गोळा करून एकदम लिहा. स्क्रिप्टच्या एका फेरीला ६ मिनिटांची मर्यादा आहे, आणि एकेक ओळ लिहिण्यातच ती संपते.

चालू करताना

पहिल्यांदा हाताने चालवा. परवानगी मागताना गूगल हे अ‍ॅप तपासलेलं नसल्याचा इशारा देतं. स्क्रिप्ट तुमचीच असेल तर 'अ‍ॅडव्हान्स्ड' वर जाऊन पुढे जा. दुसऱ्याने पाठवलेल्या स्क्रिप्टला मात्र अशी परवानगी देऊ नका, ती तुमचे सगळे मेल वाचू शकते. ओळखीच्या पत्त्यांची यादी ठेवा आणि त्याबाहेरून आलेली फाइल उघडूच नका.

आकडे जुळले की 'ट्रिगर्स'मध्ये, म्हणजे स्क्रिप्ट आपोआप कधी चालावी ते ठरवायच्या पानावर, वेळ लावा. सकाळी नऊ ते दहा असा तास निवडला तर त्या तासात कधीही चालेल, ठोक्याला नाही. चूक झाल्यास लगेच मेल यावा हा पर्यायही तिथेच आहे. ट्रिगर ज्याने लावला त्याच्या खात्यावर चालतो, म्हणून तो नोकरी सोडून जाणाऱ्या पोराच्या खात्यावर नको, मालकाच्या किंवा ऑफिसच्या खात्यावर हवा.

मायक्रोसॉफ्टवाल्यांसाठी पॉवर ऑटोमेटमध्ये अशीच सोय आहे. पण तिथल्या एक्सेलच्या ओळी वाचणाऱ्या तयार पायरीला आकडे 'टेबल' म्हणून बांधलेले लागतात. आमच्या डीलरांकडून ती अपेक्षा मी ठेवली नाही.

शेवटी स्क्रिप्टला आणखी एक काम लावा: ज्यांची फाइल आलीच नाही, त्यांची यादी मेल करायचं. साध्या खात्यावरून दिवसाला १०० जणांपर्यंत मेल पाठवता येतात, आपल्याला एकच पाठवायचाय. आमच्याकडे सोमवारी अकराच्या सुमारास ती यादी येते. दिवाणजी तिचा प्रिंट घेतात आणि एकेकाला फोन लावतात, कुणाशी तेलुगूत, कुणाशी कन्नडमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवणारे दोघे आहेत. त्यांचे आकडे दिवाणजी अजून स्वतःच टाइप करतात.