ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी कॅबिनेट उघडून बघा

माझ्या भाच्यानं दहावीच्या सुट्टीत साठवलेले पैसे घालून एक सेकंडहँड आरटीएक्स ३०६० घेतलं. कार्ड चांगलं होतं, पण घरचा कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसातून निघालेला ब्रँडेड पीसी, तो बारका आडवा डबा असतो ना तसला, त्यात ते लांबीला बसेना, उंचीला बसेना आणि बसलं असतं तरी त्याला द्यायला एसएमपीएसमधून (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा) वायरच येत नव्हती. विकणाऱ्यानं परत घ्यायला नकार दिला. पोराचा चेहरा बघवत नव्हता खरंच. तेव्हापासून इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरात कोणीही विचारलं की कोणतं कार्ड घेऊ, तर मी सांगतो की कार्डाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवायचं, आधी एक संध्याकाळ काढून आपल्या डब्यात काय आहे ते लिहून काढायचं.

सुरुवात कॉम्प्युटर चालू असतानाच करा. स्टार्टमध्ये सिस्टम इन्फॉर्मेशन शोधून उघडा, त्यात प्रोसेसर, मदरबोर्डचं मॉडेल (बेसबोर्ड प्रॉडक्टसमोर असतं) आणि बायोस मोड (बायोस म्हणजे मदरबोर्डमधलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) हे तीन कागदावर उतरवा. विंडोज ६४ बिट आहे ना तेही बघून घ्या, ३२ बिटवर आताच्या कार्डांचे ड्रायव्हर चालत नाहीत. मग जो गेम अडखळतो तो लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सचा टॅब उघडा. प्रोसेसर सतत शंभर टक्क्यांच्या आसपास आणि ग्राफिक्स निम्म्यावर असेल तर अडचण प्रोसेसरची आहे, कार्डावर पैसे घालून फार फरक पडणार नाही. हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही म्हणून इथे सांगतोय.

आता पीसी बंद करा, मागचा प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट जातो, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. बाजूचं झाकण काढलं की मोबाईलनं तीन-चार फोटो काढा, नंतर फार कामाला येतात. उन्हाळ्यात इंदूरला पारा चाळीसच्या वर जातो, त्यात धुळीनं बंद झालेला पंखा असेल तर नवीन कार्ड पहिल्याच आठवड्यात तापेल, तेव्हा आत्ताच ब्रशनं साफ करून टाका.

स्लॉट, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसवायची खाच, बघणं सोपं आहे. प्रोसेसरच्या सगळ्यात जवळचा लांब स्लॉट तो आपला, पीसीआय एक्सप्रेस एक्स१६. खाली तसाच लांब दुसरा असला तरी त्याला बहुतेक वेळा चारच लेन (डेटा जायच्या वाटा) जोडलेल्या असतात, म्हणून वरचाच वापरायचा. जुन्या पिढीच्या स्लॉटमध्ये नवीन पिढीचं कार्ड चालतं, त्याची काळजी नको. फक्त काही स्वस्त कार्डं स्वतःच कमी लेनवर चालतात, आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेन वापरतं, त्यामुळे जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या बोर्डावर ते चांगलंच मागे पडतं, शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही त्यामुळे रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंग करणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० आठ लेनवर चालतात, त्यांचं जुन्या बोर्डावरही ठीक जमतं.

आता एसएमपीएस. इथे घाई करू नका, कारण बाकी काही चुकलं तर कार्ड बसणार नाही एवढंच होतं, पण इथे चुकलं तर मदरबोर्डसुद्धा जाऊ शकतो. त्याच्या अंगावरचं स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० लिहिलंय त्यावर जाऊ नका, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही तिथूनच खातात. समजा १६ अँपिअर लिहिलंय तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट, बाहेर काहीही छापलेलं असो. १२ व्होल्टच्या दोन ओळी असतील तर सरळ बेरीज करायची नाही, दोन्हींची मिळून कमाल किती ते वेगळं लिहिलेलं असतं ते धरायचं.

मग वायरी मोजा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनच्या वायरीतून अजून ७५, आठ पिनच्या वायरीतून १५०. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात म्हणून त्याला वेगळी वायर हवीच, आणि एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. आठ पिनची वायर म्हणताना प्रोसेसरची वायर त्यात धरू नका, दिसायला सारखी असली तरी ती वेगळी आहे, कार्डाची वायर बहुतेक ६+२ अशी सुटी होणारी असते. वायर नसेल तर कोणी म्हणेल "भिया, कन्व्हर्टर लगा लो, चल जाएगा", हार्डडिस्कच्या साटा वायरीतून सहा पिन काढणारा कन्व्हर्टर. लावू नका. साटाच्या कनेक्टरची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅट आहे आणि समोरचं कार्ड ७५ मागू शकतं, तो कनेक्टर वितळतो. ब्रँडेड ऑफिस पीसीत एसएमपीएस बदलू म्हणाल तर तेही आधी तपासा, कित्येकांत मदरबोर्डला जाणारा प्लग नेहमीचा २४ पिनचा नसतो, कंपनीचा स्वतःचा असतो.

यूपीएसचंही बघा, घरोघरी जो ६०० व्हीएचा असतो तो साधारण ३६० वॅटच देतो, मोठं कार्ड लावलं आणि गेम रंगात असताना लाईट गेली तर तो सांभाळणार नाही.

पुढे टेप घ्या. मागच्या पट्टीपासून समोरच्या पंख्यापर्यंत मिलिमीटरमध्ये किती जागा आहे ते मोजा आणि कार्डाची लांबी त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलच्या पानावर बघा, कारण एकाच चिपचं एक पंख्याचं कार्ड आणि तीन पंख्यांचं कार्ड यांत पाच-सहा इंचांचाही फरक पडू शकतो. जाडी दोन स्लॉट की अडीच तेही बघा, खाली साटाचे पोर्ट झाकले जातात का, आणि वरून वायर वळायला झाकणापर्यंत जागा उरते का. मागच्या पट्ट्या बोटाएवढ्या, साधारण ८ सेंटिमीटरच्या असतील तर लो प्रोफाईल, म्हणजे कमी उंचीचं कार्डच लागणार, दुसरा इलाज नाही.

बायोसचं थोडक्यात: बोर्ड दहा-बारा वर्षं जुना असेल तर कंपनीच्या साईटवर शेवटचा बायोस आलाय का बघा. इंटेलचं आर्क कार्ड घेणार असाल तर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) बोर्डात असायलाच हवा, नसेल तर ते कार्ड फारच सुस्त चालतं.

आणि मॉनिटर! अजून पुष्कळ घरांत निळ्या पिनवाला व्हीजीए मॉनिटर आहे, नवीन कार्डांना तो पोर्ट नसतो. एचडीएमआयमधून व्हीजीए काढणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर बाजारात मिळतो, तो कार्डाबरोबरच घेऊन टाका.

एवढं कागदावर आलं की कार्ड जवळजवळ आपोआप ठरतं. वेगळी वायर नसेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं बघा, ७० वॅटचं आहे आणि लो प्रोफाईलमध्येही मिळतं, पण ८ जीबीवाल्याला १३० वॅट लागतात म्हणून बिलावर ६ जीबी लिहिलंय ना ते पाहा. जीटीएक्स १६५० पण चालेल, त्याच्या काही मॉडेलना सहा पिनची वायर लागते तेवढं बघून. एक आठ पिन असेल तर ४०६० (११५ वॅट) किंवा आरएक्स ६६०० (१३२ वॅट).

सेकंडहँड घेताना तिथेच पीसीवर लावून जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायला सांगा, जुन्या चिपवर नवीन नाव चढवलेलं कार्ड असेल तर ते बऱ्याचदा नावासमोर फेक लिहून दाखवतं. जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० घेत असाल तर त्यांना नवीन गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होते, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात, तो भाव त्या हिशोबानंच करा. नवीन घेणार असाल तर सिल्वर मॉलला (इंदूरचा कॉम्प्युटरचा बाजार) जाताना कागद आणि फोटो बरोबर ठेवा, जमलं तर अख्खं कॅबिनेटच उचलून न्या आणि समोर बसवून घ्या.

घरी बसवलं की मॉनिटरची वायर कार्डात लावा, मदरबोर्डच्या जुन्या पोर्टात नाही, कार्ड लावूनही काही फरक पडला नाही म्हणणाऱ्या तीन जणांकडे मला हेच सापडलं. मग अर्धा तास गेम चालवून टास्क मॅनेजरमध्ये तापमान बघा, आणि बिल-डबा वॉरंटी असेपर्यंत फेकू नका. भाच्याचं ३०६० शेवटी रामबागेतल्या एका मुलानं घेतलं, त्याच्याकडे मोठं कॅबिनेट आणि आठ पिनची वायर होती. आमच्याकडे आता लो प्रोफाईल ३०५० आहे, आणि यावेळी टेप धरून सगळं मोजलं ते त्यानंच.